समुद्राला सातबारा नाहीं!

ता. 30 ऑगस्ट 2024 रोजीं पालघर येथें वाढवण बंदराची कोनशिला मोठ्या थाटानें बसविण्यांत आली. 76 हजार 220 कोटी रुपयांचें हें काम. डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यासमोर 1,448 हेक्टर, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून अधिक समुद्र भरून काढावयाचा. लाटा अडविण्यास 10 किलोमीटरांहून लांब बांध घालावयाचा. हजार-हजार मीटर लांबीचीं नऊ कंटेनर-टर्मिनलें उभारावयाचीं. आणि वर्षाकाठीं वीस फुटी मापाच्या 2 कोटी 32 लाख पेट्यांची चढउतार करण्याची सोय करावयाची, असा हा बेत आहे. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून सुमारें 10 लाख माणसांस रोजगार मिळेल, असें केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निवेदनांत सांगितलें आहे. आंकडे ऐकून छाती दडपते. परंतु आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांनीं दडपून जाऊं नये. बाजारांत बैल घेतांना आपण त्याचे दांत मोजतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून बघतों. मग एवढा मोठा सौदा आपल्या दारांत चालला असतां नुसत्या आंकड्यांवर मान डोलावणें शहाणपणाचें नव्हे.

प्रथम बंदर म्हणजे काय, तें नीट समजून घेऊं. किनाऱ्याला धक्का बांधला म्हणजे बंदर झालें, असें नाहीं. मोठें जहाज पाण्याखालीं चौदा-पंधरा मीटर बुडालेलें असतें. म्हणजे चार मजली घर पाण्यांत दडलें आहे असें समजा. खोल समुद्रापासून धक्क्यापर्यंत त्याला तितकें पाणी सलग मिळालें पाहिजे. जेथें तें नसतें तेथें गाळ उपसून समुद्राच्या तळाशीं एक रस्ताच खणावा लागतो. न्हावा-शेवा बंदराचा असा मार्ग सुमारें 33 किलोमीटर लांबीचा. जहाजें मोठीं होत गेलीं तसा तो दोन वेळां खणून खोल केला. दुसऱ्या वेळीं 15 मीटर बुडणारें जहाज भरतीच्या आधारानें आंत यावें असें धोरण ठेवून त्याची रुंदी 370 मीटरांवरून 450 मीटर करण्याचें काम झालें. मार्गाच्या कडेनें बोये तरंगत ठेवतात. जहाज आंत आणण्यास बंदराचा पायलट जातो. भरतीची वेळ मिनिटांनीं पाहतात. धक्क्याला लागलेल्या जहाजाचे तास मोजतात. प्रत्येक पेटीला नंबर असतो, आणि ती आवारांत कोठें ठेवली आहे हें कचेरींत बसून सांगतां येतें. वाढवणची निवडसुद्धां पाण्याच्या मापावरच झाली. तेथें किनाऱ्यापासून फार दूर न जातां सुमारें 20 मीटर नैसर्गिक खोली मिळते. म्हणून जगांतील मोठ्यांत मोठीं कंटेनर-जहाजें तेथें लागतील, असें सरकारचें म्हणणें आहे.

जहाजाचा हिशोब असा वितीवितीनें चालतो. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, ज्यांच्या जमिनीवर आणि पाण्यावर बंदर उभें राहतें त्या माणसांचा हिशोब कोणत्या वहींत लिहिला जातो?

बंदरच नको, असें आम्ही म्हणत नाहीं. नाशिकचीं द्राक्षें आणि कांदा परदेशीं जातो तो बंदरांतूनच. थंड पेटींतलीं द्राक्षें धक्क्यावर चार दिवस अडकलीं तर नुकसान बागाइतदाराच्याच माथीं बसतें. धक्के पुरेसे असले, जहाजें वेळेवर सुटलीं, तर देशावरच्या शेतकऱ्याच्या पदरांत चार पैसे अधिक पडावे. न्हावा-शेव्यांत 2024-25 सालीं सुमारें 73 लाख पेट्यांची चढउतार झाली. आणखी जागा लागणार हें उघड आहे. पण घाटावरच्या शेतकऱ्याचें भलें करावयाचें म्हणून किनाऱ्यावरच्या त्याच्या भावाला उपाशी ठेवावें, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. दोघांच्या कष्टावर तिसऱ्यानेंच गब्बर व्हावें, हा तर त्याहून नाहीं.

पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, अशी आपली म्हण आहे. वाढवणच्या पुढची ठेंच न्हावा-शेव्याची. उरण-पनवेलच्या पट्ट्यांत आगरी, कोळी, कराडी लोकांचीं भातखाचरें, मिठागरें आणि खाडीची मासेमारी होती. 1970 सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठीं 95 गांवांच्या जमिनी घेण्याचें काम सुरू झालें. जमिनीला रास्त मोल मिळावें म्हणून शेतकरी दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखालीं उठले. 16 व 17 जानेवारी 1984 रोजीं पोलिसांचा गोळीबार झाला आणि पांच शेतकरी ठार झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यास परत देण्याचें तत्त्व या लढ्यांतून पुढें आलें. तें कोणीं मेहेरबानीनें दिलें नाहीं. न्हावा-शेवा बंदर 26 मे 1989 रोजीं सुरू झालें. त्या बंदरासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्क्यांचीं पत्रें पंतप्रधानांच्या हस्ते देण्यास आरंभ झाला तो 16 ऑगस्ट 2014 रोजीं. मध्यें 25 वर्षें उलटलीं. तेवढ्या काळांत जहाजाचा मार्ग खणून झाला, परदेशी कंपन्यांचीं टर्मिनलें उभीं राहिलीं. शेतकऱ्याचें पत्र तेवढें मागें राहिलें!

कोळ्यांची कथा याहून वाईट. शेव्याच्या कोळीवाड्यांतलीं अडीचशेच्या आसपास कुटुंबें उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यांत बसविलीं. तेथें घरांना वाळवी लागली, आणि एकदां उठलेल्या लोकांवर दुसऱ्यांदां पुनर्वसन मागण्याची पाळी आली. अखेर 2015 सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें त्या भागांतील 1,630 मच्छीमार कुटुंबांस 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्यावी, असा निवाडा दिला. घरटी हिशोब 5 लाख 84 हजार रुपये. बंदर सुरू होऊन तेव्हां पंचवीस वर्षें होऊन गेलीं होतीं. रकमेपेक्षांहि त्या निवाड्यांतलें तत्त्व आम्हांस मोलाचें वाटतें. खाडीवर कोणाच्या नांवाचा कागद नसला तरी पिढ्यान् पिढ्या चालत आलेला धंदा हा हक्क आहे, आणि तो बुडविला तर मोल मोजावें लागेल, हें त्यानें मान्य केलें.

वाढवणला हेंच तत्त्व कसाला लागणार आहे. तेथें बंदरासाठीं समुद्र भरून जमीन करावयाची. गांवची जमीन घ्यावयाची ती मुख्यतः रस्त्याला व आगगाडीला. यावरून कांहीं मंडळी म्हणतात, “गांव उठत नाहीं, मग तक्रार कसली?” यांतच खरी मेख आहे. शेतकऱ्याची जमीन घेतली तर सातबारा पुढें करतां येतो. क्षेत्र मोजतां येतें. भाव कमी वाटला तर कोर्टांत जातां येतें. समुद्राला सातबारा नाहीं. तांडेलानें कोणत्या पाण्यांत जाळें टाकावें हें त्याच्या बापानें दाखविलेलें असतें. तलाठ्याच्या दफ्तरांत त्याची नोंद नसते. पापलेट, घोळ, शेवंड यांवर जगणारीं तीं घरें कागदावर शोधूं गेल्यास सांपडतच नाहींत. होडीच्या मालकाच्या नांवें निदान परवाना तरी असतो. पण त्याच्या होडीवरचा खलाशी, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार करणारी बाई, जाळें विणणारा म्हातारा, यांच्या नांवें काय असतें? किनाऱ्याच्या त्याच पट्ट्यांत पडवींत बसून दागिन्यांचे ठसे, म्हणजे डाय, कोरणारे कारागीर आहेत. चिकूच्या वाड्यांत राबणारे वारली मजूर आहेत. यांची जमीन जात नाहीं, म्हणून यांचें कांहींच जात नाहीं, असें म्हणणार काय?

शिवाय बंदर केवळ भरावापुरतें थांबत नाहीं. जहाजांचा मार्ग आंखला कीं त्या पाण्यांत जाळें टाकण्यास मनाई होते. नांगर टाकून थांबलेल्या जहाजांची जागा वेगळी. गाळ उपसला तर तो कोठेंतरी नेऊन टाकावयाचा. भरावाची वाळू दुसरीकडच्या समुद्रतळांतून आणावयाची. ही सर्व जागा कोळ्याच्या शेतांतून कमी होते. भरपाईचा हिशोब करणारानें भरावाच्या कडेला कुंपण घालून हिशोब केला तर तो अर्धाच हिशोब होय.

आतां रोजगाराचें पाहूं. जुन्या मुंबईच्या गोदींत जहाज लागलें कीं पाठीवर गोणी वाहणाऱ्या टोळ्या लागत. घाटावरचीं आणि कोंकणांतलीं हजारों घरें त्या मजुरीवर जगलीं. 1956 सालीं अमेरिकेंत पेट्यांतून माल नेणारें पहिलें जहाज सुटलें आणि धंद्याचा तोंडवळाच बदलला. वीस टन मालाची पेटी यारी दोन-अडीच मिनिटांत उचलते. बंदर मोठें म्हणजे मजूर पुष्कळ, हा जुना हिशोब आतां चालत नाहीं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हल्लींचें बंदर म्हणजे चाळीचा मालक व भाडेकरू असा मामला आहे. न्हावा-शेव्याच्या सरकारी बंदराजवळ शेवटचें स्वतःचें एक कंटेनर-टर्मिनल होतें, तेंहि 2022 सालीं खाजगी कंपनीच्या हातीं दिलें. सरकारी बंदर जागा देतें, मार्ग खोल ठेवतें, भाडें व हिस्सा घेतें; माणसें ठेवतो भाडेकरू, आणि तोहि पुष्कळदां ठेकेदारामार्फत. तेव्हां मालकानें व्यासपीठावरून दिलेलें नोकरीचें वचन भाडेचिठ्ठींत लिहिलें नसेल तर तें भाडेकरूस बांधत नाहीं. सभेंतल्या टाळ्यांचा कोर्टांत पुरावा होत नाहीं, हें आमच्या लोकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

म्हणून आमचें सरकारास स्पष्ट सांगणें आहे. बाधित कुटुंबांची यादी करावी, ती बंद खोलींत न करतां ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावी. आणि तींत खलाशी, वाटेकरी, मासळी विकणाऱ्या बाया, ठसेकारागीर व वाडींतले मजूर यांचीं नांवें असावीं. मार्ग, नांगराची जागा व वाळूचा उपसा धरून किती पाणी मासेमारीस बंद होणार, त्याचा नकाशा मराठींत गांवच्या चावडीवर लावावा. टर्मिनल ज्या कंपनीस द्यावयाचें तिच्या करारांतच स्थानिकांच्या नोकऱ्यांची संख्या, हुद्दा व ठेकेदाराकडील माणसांचें वेतन लिहावें, व तें मोडल्यास दंड ठेवावा. जहाज धक्क्यावर रेंगाळलें तर पैसे मोजावे लागतात. भरपाई रेंगाळली तर त्यावरहि व्याज कां चढूं नये? आणि हें सर्व पहिलें जहाज लागण्यापूर्वीं झालें पाहिजे.

पण सरकारास सांगून आपण स्वस्थ बसलों तर आपल्यासारखे मूर्ख आपणच. 1998 सालीं डहाणू तालुका पर्यावरण प्राधिकरणानें याच वाढवणच्या बंदरास मनाई केली होती. 31 जुलै 2023 रोजीं त्याच प्राधिकरणानें परवानगी दिली. मधल्या पंचवीस वर्षांत बंदरवाल्यांनीं आपले कागद तयार केले. आपण केले काय? किनाऱ्यावरच्या बंधुभगिनींस आमची विनंती आहे कीं, आजपासून घरांत एक वही घाला. कोणत्या दिवशीं होडी गेली, किती मासळी आली, काय भावानें विकली, तें रोज लिहा. सोसायटीची डिझेलची पावती, होडीचा परवाना, बाजारपट्टीची चिठ्ठी, जाळ्याचें बिल, यांतलें कांहीं फेकूं नका. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. उद्यां “तुमचें काय बुडालें?” असें कोणी विचारील त्या दिवशीं ही वहीच तुमचा सातबारा होईल. न वाचलेल्या कागदावर अंगठा वा सही करूं नका. आणि दलालाच्या हातीं जमीन विकून आलेला पैसा लग्नांत व मोटारींत उडवूं नका; उरण-पनवेलकडे असा पैसा आला तसा गेलेलीं घरें डोळ्यांसमोर आहेत.

मुलांनाहि या धंद्याचें शिक्षण द्या. समुद्राची ओहोटी-भरती ज्यांना पाळण्यांत कळली त्यांच्या मुलांनीं धक्क्याच्या दारावर पहारेकऱ्याची काठी घेऊन उभें राहावें, आणि यारी चालविण्यास, जकातीचे कागद करण्यास, जहाज आंत आणण्यास माणसें बाहेरून यावीं, याहून लाजेची गोष्ट कोणती? गणित, इंग्रजी व यंत्राचें ज्ञान ज्याच्या हातीं तो बंदराच्या आंत; बाकीचे दाराबाहेर. मालमोटारी आणि गोदामें यांचा धंदाहि एकेकट्यानें न करतां सहकारी सोसायटी काढून करा. एकटा ठेकेदाराच्या हातीं सांपडतो, शंभर एकत्र आले तर ठेकेदारच त्यांच्या दारीं येतो.

वाढवणला पाणी 20 मीटर खोल आहे, हें सरकारनें मोजून घेतलें आहे. त्या पाण्यावर किती चुली पेटतात, तेंहि आतां मोजून घ्यावें. तें मोजलें जाईपर्यंत गांवोगांवच्या आमच्या वाचकांनीं ग्रामसभेंत एकच प्रश्न उभें राहून विचारावा: आमचें नांव यादींत कोठें आहे, तें दाखवा.