विश्लेषण : ‘नैतिक खरेदी’ची अट उसाच्या फडापर्यंत का पोहोचत नाही?

शीतपेयाची बाटली आणि पेट्रोल पंपावर मिळणारे इथेनॉलमिश्रित पेट्रोल, या दोन्हींचा एक धागा महाराष्ट्रातील उसाच्या फडापर्यंत जातो. साखर घेणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करारात ‘वेठबिगारी नको, बालमजुरी नको’ अशा अटी असतात. इथेनॉल तर सरकारी तेल कंपन्याच विकत घेतात. तरीही कोयता चालवणाऱ्या जोडप्याचे जगणे फारसे बदललेले नाही. असे का?

नैतिक खरेदी म्हणजे काय?

माल घेताना केवळ दर आणि दर्जा न पाहता तो कोणत्या परिस्थितीत तयार झाला, हेही पाहणे म्हणजे नैतिक खरेदी. त्यासाठी कंपन्या पुरवठादारांकडून आचारसंहितेवर सही घेतात. किमान वेतन, सुरक्षितता, बालमजुरीला मनाई, सक्तीच्या कामाला मनाई अशी कलमे त्यात असतात. पालन होते की नाही, हे तपासण्यासाठी लेखापरीक्षण किंवा प्रमाणपत्राचा आधार घेतला जातो. ‘बोनसुक्रो’ हे उसासाठीचे असेच एक जागतिक प्रमाणन आहे.

महाराष्ट्राची साखर चर्चेत का आली?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारच्या समितीने जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यात १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावर शौचालय नाही, पाळीत विश्रांती नाही आणि कामाचा खाडा पडला तर मुकादम दंड कापतो. त्यात भर म्हणजे दुखणे अंगावर काढल्यानंतर थेट शस्त्रक्रियेचा सल्ला देणारी खासगी रुग्णालये.

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी या फडांची साखळी कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या पुरवठादार कारखान्यांशी जोडून दाखवली. तेव्हापासून हा प्रश्न जिल्ह्याचा किंवा राज्याचा राहिला नाही, तो खरेदी करारांचाही झाला.

अट नेमकी कुठे अडते?

कारखान्याच्या गेटवर. शीतपेय कंपनीचा करार कारखान्याशी असतो. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी करतो. वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम हंगामाआधी जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल फिटेपर्यंत काम करायचे, फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. या शेवटच्या टप्प्यात बहुतेक वेळा ना हजेरीपत्रक असते ना वेतनचिठ्ठी.

त्यामुळे ‘हे आमचे कामगार नाहीत’ असे कारखाना सांगू शकतो. परीक्षक कारखान्यात येतो तेव्हा त्याला बॉयलर, गोदाम आणि कायम कामगारांची कागदपत्रे दिसतात. टोळी त्या वेळी कुठल्या तरी शिवारात असते. दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून वाहतूकदार कर्जात बुडाल्याच्या तक्रारीही नेहमीच्या आहेत. म्हणजे सगळा व्यवहार उचलीवर उभा आहे आणि त्याची जोखीम शेवटी सर्वांत दुबळ्यावर ढकलली जाते.

मजुरी वाढली तर पैसे कोण देतो?

नैतिक खरेदीच्या चर्चेत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर (एफआरपी) हा कारखान्याच्या गेटवरचा दर आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना यातूनच वळता करतो आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते.

२०२४ च्या सुरुवातीला तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनामागे सुमारे ३६६ रुपयांवर गेला. अशा वाढीचा भार शेतकऱ्याच्या बिलावर येतो. म्हणजे परदेशी कंपनीने कागदावर अट घालायची, कारखान्याने सही करायची आणि खर्च उचलायचा पाच-दहा गुंठे ऊस लावणाऱ्यानेही. खरेदीदार दर वाढवून देणार नसेल, तर त्याची नैतिकता दुसऱ्याच्या खिशातून चालते.

युरोपच्या कायद्यांचा उपयोग होईल का?

जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. पुरवठादाराकडे मानवी हक्कांचे उल्लंघन होऊ नये यासाठी मोठ्या कंपन्यांवर त्याने कायदेशीर जबाबदारी टाकली. मात्र नियमित तपासणी मुख्यतः थेट पुरवठादारापुरती आहे. त्याच्याही पलीकडच्या कड्यांबाबत, ठोस माहिती हाती आली तरच पाऊल उचलावे लागते. युरोपीय महासंघाने २०२४ मध्ये अधिक व्यापक कायदा मंजूर केला, पण उद्योगांच्या दबावानंतर पुढच्याच वर्षी त्याची मुदत लांबवली.

शिवाय धोका दिसताच करार तोडून मोकळे होण्याचा मार्ग कंपन्यांसमोर असतोच. तसे झाले तर फडावरची शौचालये होत नाहीत, फक्त साखर दुसऱ्या ग्राहकाकडे जाते.

सरकार स्वतः खरेदीदार आहे, त्याचे काय?

सरकारी खरेदीत अटी घालता येत नाहीत, असे नाही. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये आणि सार्वजनिक कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा राखीव आहे. म्हणजे खरेदीतून सामाजिक उद्दिष्ट साधणे सरकारला नवे नाही.

एरवी ‘सर्वांत कमी दराची निविदा’ ही अडचण पुढे केली जाते. उसाच्या इथेनॉलला ती लागू होत नाही, कारण त्याचा दर केंद्र सरकारच ठरवते. २०२४-२५ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता. शेतकऱ्याच्या बाबतीत तर कायदा या साखळीत आधीच शिरला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर कारखान्याला वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. तोडणी करणाऱ्यासाठी असे एकही साधे, मोजता येणारे कलम खरेदीत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारने देण्याची व्यवस्था आहे. पण तो कल्याण निधी झाला, कामाच्या ठिकाणची अट नव्हे.

मग अट कशी हवी?

तपासता येईल अशी. कोणत्या गाडीतून, कोणत्या शेतकऱ्याचा किती ऊस आला, याची नोंद कारखान्याच्या वजनकाट्यावर होतेच. तीच नोंद टोळीतील प्रत्येक मजुराच्या नावाशी जोडता येईल. मजुरी नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या बँक खात्यात, उचलीचा लेखी हिशेब, खाड्याच्या दंडावर बंदी आणि तळावर पाणी-शौचालय, एवढ्या चार गोष्टी इथेनॉल किंवा साखर खरेदीच्या करारात लिहिता येतील. त्या पाळल्याचे दाखवल्यावर मिळणारा वाढीव दर मात्र खरेदीदाराने द्यायला हवा.

तो दर किती असेल? एक टन उसाच्या रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल मिळते. तोडणी दर आणखी १० टक्के वाढवला तर टनामागे सुमारे ३७ रुपये जास्त लागतील, म्हणजे इथेनॉलच्या लिटरमागे साधारण ५२ पैसे. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये हा फरक लिटरला जेमतेम १० पैशांचा आहे.