वेणांचे भय आणि शब्दांचे सामर्थ्य

संमोहनाच्या साहाय्याने बाळंतपणाच्या वेदना सुसह्य करता येतात, असे सांगणारे वर्ग आज मोठ्या शहरांतून चालतात. गर्भवतीला काही आठवडे श्वसनाचे, शिथिलीकरणाचे व स्वयंसूचनेचे शिक्षण द्यावयाचे आणि त्याचे शुल्क घ्यावयाचे, असे त्यांचे स्वरूप आहे. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी या प्रकाराविषयी दोनच प्रतिक्रिया ऐकू येण्याचा संभव आहे. एक, ही सुखवस्तूंची नवी हौस आहे. दुसरी, मोहिनीविद्या म्हणजे बुवाबाजीचाच सुधारलेला अवतार आहे. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत.

संमोहनाचा वैद्यकाशी संबंध जुना आहे. १८४५ साली बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल या शल्यविशारदाने त्या काळच्या 'मेस्मेरिझम'चा आधार घेऊन शस्त्रक्रिया केल्या. परंतु १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले आणि संमोहन मागे पडले. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे आयोग १८८८ व १८८९ मध्ये बसले. राजधानीत हे संशोधन चालू असताना खेड्यातील बाळंतीण मात्र सुईणीच्या आणि दैवाच्या हवाली होती. विज्ञान आणि त्याचा लाभ यांतील हे अंतर आपल्या चांगल्याच परिचयाचे आहे.

विसाव्या शतकात ग्रँटली डिक-रीड या इंग्रज प्रसूतितज्ज्ञाने भयातून ताण, ताणातून वेदना आणि वेदनेतून पुन्हा भय, अशी साखळी मांडली. आजच्या वर्गांची वैचारिक बैठक बव्हंशी हीच आहे. प्रश्न आहे तो पुराव्याचा. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने ९ चाचण्यांचा, म्हणजे २,९५४ स्त्रियांच्या अनुभवाचा, आढावा प्रसिद्ध केला. संमोहनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांना वेदनाशामक औषधे एकूण कमी लागली. परंतु नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढल्याचे अथवा वेदनांना तोंड देण्याची जाणीव बळावल्याचे स्पष्टपणे दिसले नाही. ब्रिटनमध्ये ६८० पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कण्यातून देण्यात येणाऱ्या भुलीचा वापर लक्षणीयरीत्या घटला नाही. मात्र प्रसूतीपूर्वी जितके भय वाटले होते, त्या मानाने प्रत्यक्ष अनुभव कमी भयावह ठरल्याचे आढळले. तात्पर्य, संमोहन हा चमत्कार नव्हे; भय काही अंशी निवारण्याचे ते एक साधन आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शब्दांनी भय कमी होत असेल, तर शब्दांनीच ते वाढतही असले पाहिजे. सार्वजनिक रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांत वेणा देणाऱ्या स्त्रीवर खेकसण्याचे, प्रसंगी हात उगारण्याचे प्रकार घडतात, हे उघड गुपित आहे. ही देखील एक सूचनाच होय. फक्त तिचा परिणाम उलटा आहे. शहरातील स्त्री धीराच्या शब्दांसाठी पैसे मोजते आणि खेड्यातील स्त्रीला दटावणी फुकट मिळते, असे हे विषम वाटप आहे.

याचे कारण केवळ परिचारिकेचा स्वभाव मानणे अन्यायाचे होईल. धीर देण्यास औषध लागत नाही, वेळ लागतो. आणि अनेक खाटांमागे एकच परिचारिका असेल तर वेळ हीच सर्वांत दुर्मीळ वस्तू ठरते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या. जननी सुरक्षा योजनेने २००५ पासून स्त्रीला रुग्णालयाच्या दारापर्यंत आणण्यास हातभार लावला. दाराच्या आत तिचे काय होते, हा प्रश्न मागे राहिला. त्याच पाहणीत देशातील खासगी संस्थांतील प्रसूतींपैकी ४७.४ टक्के शस्त्रक्रियेने झाल्याचे दिसते. सार्वजनिक संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के आहे. या तफावतीस अनेक कारणे असतील. परंतु भयभीत कुटुंब हे सौदा करण्यास दुर्बळ असते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

तेव्हा मंठ्यात संमोहनतज्ज्ञ आणावेत असा आग्रह येथे नाही. प्रसूतीच्या वेळी स्त्रीजवळ तिच्या विश्वासाची सोबतीण असू द्यावी, ही मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिली आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये तीच शिफारस केली आहे. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची तपासणी करण्याची योजनाही २०१६ पासूनची. त्या दिवशी रांगेत बसलेल्या स्त्रियांना अर्धा तास श्वसन व शिथिलीकरण शिकवणे अशक्य नाही. ते काम आशा सेविकांवर सोपवावयाचे, तर त्याचा मोबदलाही द्यावा लागेल. स्त्रीचे श्रम फुकट समजण्याची सवय आता पुरे झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील गर्भवती ९ तारखेला गावी नसते, याचाही विचार व्हावा.

दोन इशारे मात्र आवश्यक आहेत. रक्तस्राव शब्दांनी थांबत नाही. रक्त, रुग्णवाहिका आणि तज्ज्ञ यांना पर्याय नाही. आणि 'वेदना मनाच्याच असतात' असे सांगून किंचाळणाऱ्या स्त्रीलाच दोषी ठरवण्यासाठी या शास्त्राचा वापर होऊ नये. तिच्या वेदना खऱ्या आहेत. त्यांत भयाची भर घालू नये, एवढी अपेक्षा तिने आपल्या शासनाकडून ठेवली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.