चिखलातला साक्षीदार

बालमित्रांनो, वरचं पाणी निळंशार दिसलं म्हणजे समुद्र निरोगी, असं समजू नका हं! खरी खबर तळाच्या चिखलात असते आणि ती देतात इवलेसे कृमी.

सप्टेंबर १९६९. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्ट फालमथजवळ ‘फ्लोरिडा’ नावाचा बार्ज खडकावर आदळला. सुमारे ७ लाख लिटर इंधनतेल सांडलं. मासे, खेकडे, शिंपले मेले. जवळच्या वुड्स होलच्या शास्त्रज्ञांनी तळाचा चिखल काढून चाळला, तर काय? ‘कॅपिटेला’ नावाच्या, दोऱ्यासारख्या तांबूस कृमींची नुसती झुंबड!

असं का? हे कृमी चिखलातलंच अन्न खातात, प्राणवायू कमी असला तरी तगतात आणि भराभर वाढतात. वाटेकरी मेले की यांचंच राज्य! पुढे इतर जीव परतू लागले, तसे हे कमी झाले. तेल मात्र चिवट. तीस वर्षांनंतरही तिथल्या खाजणाच्या मातीत ते सापडलं.

मासा घाणीपासून दूर पळेल, चिखलातला कृमी कुठे जाणार? म्हणूनच तो पक्का साक्षीदार. थोडे कॅपिटेला स्वच्छ तळावरही असतात बरं का! पण त्यांचीच गर्दी आणि बाकी सारे गायब, म्हणजे धोका.

आता सांगा पाहू, निरोगी समुद्राची खूण कोणती? एकाच जातीची गर्दी, की नाना जातींचा शेजार?