गव्हाणीतले विष

दुधात पाणी किती, ही तक्रार ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे घरोघर ऐकू येते. परंतु म्हशीने काल कोणती पेंड खाल्ली, असे कोणी गवळ्याला विचारल्याचे ऐकिवात नाही. वस्तुतः दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 साली देशभरातून दुधाचे जे 6,432 नमुने तपासले, त्यांपैकी आरोग्यास घातक भेसळ अवघ्या 12 नमुन्यांत निघाली, तर अफ्लाटॉक्सिन एम-1 हे बुरशीजन्य विष मर्यादेबाहेर आढळले ते 368 नमुन्यांत! गवळ्याच्या लबाडीवर आपण यथेच्छ तोंडसुख घेत राहिलो आणि पेंडीच्या पोत्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

शेंगदाण्याची वा सरकीची पेंड, मक्याचा भरडा, चुणी हे जिन्नस आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलसर जमिनीवर, गळक्या पत्र्याखाली पडून राहिले की त्यांस बुरशी धरते. ती पेंड जनावराच्या पोटात गेल्यावर एका दिवसाच्या आत विषाचा अंश दुधात उतरतो, आणि आपल्या गृहिणी ज्या श्रद्धेने दूध दोनदा तापवितात त्या तापविण्याला तो मुळीच दाद देत नाही. बाजरीवरची अरगट ही बुरशी निदान डोळ्यांना दिसते, मिठाच्या पाण्यात तरंगते. हे विष मात्र दिसतही नाही. 1974 साली अवकाळी पावसात भिजून अशाच बुरशीच्या विषाने दूषित झालेला मका खाऊन पंचमहाल व बांसवाडा या जिल्ह्यांतील शंभराहून अधिक आदिवासी काविळीने दगावले, आणि तेच अन्न खाणारी त्यांची कुत्रीही मेली. दुधातील अल्प मात्रेने असा हाहाकार उडत नाही, हे खरे. तथापि यकृताच्या कर्करोगाशी ज्याचे नाते जोडले गेले आहे, ते विष दूधपित्या मुलांनी थोडेथोडे का होईना, का म्हणून प्यावे?

दुधासाठी किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅमची मर्यादा कायद्याने घातली आहे. परंतु हे विष चाऱ्यातून व पेंडीतून येते, असे प्राधिकरणानेच सांगूनही तपासणीचा सारा रोख दुधाच्या कॅनवरच राहिला. अन्न व औषध प्रशासनाने आणि पशुसंवर्धन खात्याने आषाढ ते आश्विन दरमहा येथील तबेल्यांतून व पेंडीच्या गुदामांतून नमुने घ्यावेत, निकाल जाहीर करावेत, आणि बुरसट माल जप्त करताना गवळ्यास भरपाईही द्यावी. नाहीतर तो बिचारा तीच पेंड चांगल्या पेंडीत मिसळून खपवील. दूषित पेंड बंद केल्यावर थोड्याच दिवसांत दुधातले हे विष नाहीसे होते.