सुट्टी कोणाच्या जिवावर?

ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडली की काल्हेर लागते. भिवंडी तालुक्यातले हे गाव आता गोदामांसाठी ओळखले जाते. मुंबईच्या जकात नाक्यांबाहेरची जागा म्हणून या पट्ट्यात गाळ्यांमागून गाळे उठले. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामे मात्र राहिली. घरपोच मालाच्या व्यापाराने ती उलट वाढली. रविवारी दुपारी जेवून आपण जरा आडवे होतो आणि दारावरची घंटी वाजते. पुडके आलेले असते. आपली सुट्टी चालू असताना ते कोणीतरी उचललेले, मोजलेले आणि दारापर्यंत वाहून आणलेले असते.

रविवारची सुट्टी ही साहेबाने सहज दिलेली देणगी, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. ती मिळवली मुंबईच्या गिरणी कामगारांनी, आणि त्यांचे पुढारी होते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक असलेले लोखंडे स्वतः एका गिरणीत भांडारपाल होते. म्हणजे गोदामाचा हिशेब त्यांना चांगला ठाऊक होता. १८८४ मध्ये त्यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अशा साध्या मागण्या होत्या. त्यासाठीही सहा वर्षे झगडावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

वार कोणता, हा मुद्दा गौण आहे. कोकणातले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गावाने त्यांना नावच दिले, 'शनिवार तेली'. अनेक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. विजेचा भार वाटला जावा म्हणून डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांना शुक्रवारी, तर पिंपरी-चिंचवडला गुरुवारी सुट्टी, अशी रीत पडली. वार निरनिराळे, पण प्रत्येक ठिकाणी तो ठरलेला आणि सगळ्यांना माहीत असलेला. शनिवारी तेल मिळणार नाही, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे. मग तो शुक्रवारीच बुधली घेऊन येई. गिऱ्हाइकाने एवढी तसदी घेतली, म्हणून घाणेवाल्याला सुट्टी मिळाली.

बँकेत उभा जन्म गेला, त्यामुळे मला ही गोष्ट रोकड जुळवण्यासारखी वाटते. खिडकीवर माणसे उभी असेतो रोखपालाची शिल्लक जुळत नाही. खिडकी बंद करावी लागते. मग नोटा मोजता येतात आणि चूक कुठे झाली ते सापडते. घराचेही तसेच असते. मुलाचे कशात लक्ष लागत नाही, वडिलांची भूक का कमी झाली, हे धावपळीच्या दिवसात दिसत नाही. सगळे एकाच दिवशी घरी असले की दिसते. नवऱ्याची सुट्टी मंगळवारी, बायकोची रविवारी आणि मुलांची शनिवारी-रविवारी, अशा घरात तास मिळतात, पण एकत्र बसणे होत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान सातही दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली. त्याचबरोबर प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी देण्याची अटही घातली. तडजोड वाजवी आहे. पण रोजावर किंवा नगावर काम करणाऱ्या माणसाला सुट्टी म्हणजे मजुरी बुडणे. त्याला सुट्टी देऊ केली तरी ती परवडत नाही. दिवसभर दुचाकीवर पुडकी पोचवणाऱ्या पोराला तर, आज घरी थांबलास तर काय खाशील, एवढाच प्रश्न असतो. भरपगारी सुट्टी हा त्याचाही हक्क ठरला पाहिजे, आणि त्यासाठी वस्तूमागे चार पैसे जास्त पडले तर ते आपण कुरकुर न करता द्यायला हवेत.

आणखी एक कामगार आपल्या घरातच आहे. रविवार म्हणजे सर्वांना आराम आणि स्वयंपाकघरात दुप्पट काम, हा हिशेब किती घरांत चालतो! नाश्ता वेगळा, जेवण साग्रसंगीत, संध्याकाळी पाहुणे. १८९० च्या सभेत बायका बोलायला उभ्या राहिल्या. आपल्या घरातली बाई ही मागणी कोणापुढे मांडणार?

एकदम सगळे साधणार नाही. पण रविवारी येणारी वस्तू सोमवारी आली तर फारसे बिघडत नाही, एवढे तरी ठरवता येईल. रविवारी सकाळी पिठले-भातावर भागवता येईल, आणि तो भात घरातल्या पुरुषांनी लावावा. कुकरच्या शिट्ट्या मोजायला काही परीक्षा द्यावी लागत नाही.