डिचोलीचे येणे

पावसाची पहिली मोठी सर कोसळली की शिरगाव, मये, मुळगाव येथील शेतकऱ्याची नजर खाणीवरच्या मातीच्या ढिगांकडे लागते. एक टन खनिज काढावयाचे तर साधारण अडीच ते तीन टन माती उपसावी लागते. खनिज बार्जीत चढून मांडवीवाटे मुरगावला व तेथून परदेशी गेले. माती येथेच राहिली आणि नाल्यांवाटे शेतांत उतरली. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या तेव्हा विहिरी आणि झरेही आटले.

हे खनिज नेले कोणी? १९५० नंतर, महायुद्धात होरपळलेल्या जपानने. आणि तेही पोर्तुगीज सरकारच्या परवान्यांवर, ज्या काळी येथील प्रजेला आपल्याच जमिनीविषयी बोलण्याची सोय नव्हती. पुढे चीन आला. २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर पडले, त्यातील बहुतांश चीनला. भाव मिळाला हे खरे. तथापि त्या भावात बुजलेल्या शेताची किंमत धरलेली नव्हती. ज्याचे शेत गेले तो त्या सौद्यात कोठेच नव्हता.

दोष केवळ परकीयांचा, असे आम्ही म्हणणार नाही. खाणमालक आमचे, ट्रकवाले आमचे, डोळेझाक करणारी सरकारेही आम्हीच निवडलेली. खाणीच्या पैशावर आमच्यातील कित्येक घरे उभी राहिली, हेही विसरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणकाम थांबविले व २०१४ साली खनिजविक्रीतील दहा टक्के रक्कम कायम निधीत ठेवण्यास सांगितले, ते उचितच झाले. परंतु घरच्यांचा हिशेब मागितला म्हणून गिऱ्हाइकाचा हिशेब मिटत नाही.

२००७ साली जपानने गोव्याला पाणीपुरवठा व सांडपाणी योजनेसाठी कर्ज दिले. त्याबद्दल आभार मानले गेले, आणि ते कर्ज व्याजासह फेडावयाचे आहे. कागदोपत्री धनको ते, ऋणको आम्ही. शिरगावच्या आटलेल्या विहिरी त्या वहीत कोणी मांडल्या असत्या तर बाकी कोणाकडे निघाली असती?

लिलावानंतर डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. शेतातील गाळ उपसण्याचा आणि पाणी परत आणण्याचा खर्च परदेशी खरेदीदाराने उचलावा, अशी अट यापुढील प्रत्येक निर्यात करारात सरकारने घालून घेतली पाहिजे, आणि तो पैसा कोणत्या शेतावर प्रथम खर्च व्हावा हे त्या त्या गावच्या ग्रामसभेने ठरवावे.