रोखता येतं म्हणून ढोंग?

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात एका वक्त्यांनी टिक्सचा विषय दोन मिनिटांत निकालात काढला. मान झटकणं, डोळे मिचकावणं, घशातून आवाज काढणं ही खोड आहे. चारचौघांत ती थांबते, म्हणजे माणसाच्या हातात आहे. मोठ्या माणसांना त्यासाठी शिकवण्या लावणं ही शहरी थेरं. आणि शेतकरी आत्महत्यांच्या यवतमाळात हे बोलायलाही लाज वाटायला हवी. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेला माझा मावसभाऊ टाळ्या संपेपर्यंत खाली बघत होता. मान मात्र त्यानं हलू दिली नाही.

त्या न हललेल्या मानेला काय किंमत पडते, हे वक्त्यांना ठाऊक नाही. दादा आता त्रेचाळीसचा आहे. दुसरीत असताना डोळे मिचकावायला लागला, पुढे मान, मग घसा. बहिणीच्या सोयरिकीला पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, देण्याघेण्याची बोलणी दीड तास चालली. दादा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. एकदाही मान झटकली नाही. पाहुण्यांची गाडी वळल्याबरोबर तो मागच्या कोठ्यात गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, तर बैलाच्या गव्हाणीला धरून उभा, मान उजवीकडे फेकली जातेय, प्रत्येक झटक्यामागे घशातून हुंकार. थोडा निवल्यावर मी विचारलं, काय ठरलं? म्हणाला, "काय बोलले थे समजलंच नाही मले. सारं ध्यान मानेतच होतं."

बहिणीच्या लग्नाची बोलणी त्याला ऐकू आली नाहीत! ज्याला वक्ते 'हातात असणं' म्हणतात, ते हे. टिक येण्याआधी त्या जागी एक ओढ दाटून येते, झटका दिला की क्षणभर उतरते, पुन्हा दाटते. खाजकुयली लागलेल्या माणसाला मान्यवरांसमोर बसवा; तो थोडा वेळ खाजवणार नाही. म्हणून त्याची खाज खोटी ठरते का? मुळात टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ मध्ये हा आजार मांडला, त्याला आता एकशे चाळीस वर्षं झाली. तरी 'मनावर घे' हाच आमचा उपचार.

हे दोष माणसावर ढकलणं आमच्या जिल्ह्याला नवं नाही. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, तेव्हाही हातमोजे का घातले नाहीत, असं विचारणारे भेटलेच होते. भर उन्हात, माणसाच्या उंचीच्या पराटीत पंप पाठीवर घेऊन एक तास चालून दाखवा, असं मी तेव्हा म्हणालो होतो. चालून कुणी दाखवलं नाही.

बाकीचे मुद्दे किरकोळ. मोठेपणी आपोआप जातं? बऱ्याच जणांचं कमी होतं, सगळ्यांचं नाही. गोळ्या आहेत ना? आहेत, काहींनी टिक्स घटतात, पण झोप आणि वजन वाढतं, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याला झोप परवडत नाही. टुरेटचा आजार म्हणजे तोंडातून शिव्या? त्या थोड्याच रुग्णांत आढळतात. आणि आत्महत्यांच्या जिल्ह्यात मनाच्या दुखण्याची उतरंड लावून खालच्या माणसाला गप्प बसवणं, हीच खरी लाजेची गोष्ट.

मग करायचं काय? अझरिन आणि नन यांनी १९७३ मध्ये मांडलेली सवय-पालटाची पद्धत साधी आहे. आधी ओढ ओळखायला शिकायचं. ती आली की टिकच्या आड येणारी दुसरी हालचाल करायची: मानेसाठी हनुवटी किंचित आत घेऊन स्नायू हलके ताठ धरायचे, घशासाठी नाकानं संथ श्वास, मिनिटभर, किंवा ओढ ओसरेपर्यंत. सोबत टिक्स कुठं वाढतात हे शोधून तिथली मांडणी बदलायची. अमेरिकेत १२२ मोठ्या माणसांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांत आठ बैठका. शिकलेल्यांपैकी शेकडा ३८ जणांना ठळक फरक पडला, नुसता धीर देणाऱ्या समुपदेशनानं शेकडा सातही नाहीत. म्हणजे निम्म्याहून अधिकांना तसा फरक पडला नाही, हेही मी लपवत नाही. पण दादाला आजवर छडी मिळाली, अंगारा मिळाला, या आठ बैठका मिळाल्या नाहीत.

यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं दोन-तीन समुपदेशकांना हे शिकवावं आणि त्यांनी पुसद, वणी, पांढरकवड्याला ठरल्या वारी बसावं. बैठक दुपारी दोनच्या आत संपावी. दादाच्या गावाला शेवटची एसटी साडेचारला सुटते.